जुनी फायबर होडी घ्यायचीय? खिशात एक नाणं घेऊन जा

नारळी पौर्णिमा जवळ आली की मला ठरलेले फोन सुरू होतात. "दादा, १९ फुटी फायबर होडी मिळतेय, जुनी आहे, घेऊ का?" विचारणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून चार-पाच सीझन काढलेला पोरगा, ज्याला आता स्वतःचं काहीतरी हवंय, आणि दुसरा मुंबई-पुण्याला नोकरी करणारा पण गावचं घर खाडीकाठी असलेला, सुट्टीत गरी टाकायला हक्काची होडी हवी असलेला. दोघांनाही मी सांगतो घ्या, जुनीच घ्या, पण पैसे देण्याआधी अर्धा दिवस होडीपाशी घालवा. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढतोय.

मी सिंधुदुर्गातला, समुद्राला लागून वाडी आमची. काका लाकडी होड्यांचा सुतार होता, उंडी आणि आंब्याचं लाकूड, काजूच्या टरफलाचं तेल, हे सगळं बघत मोठा झालो, पण मी हातात धरलं ते फायबर. काकाने पण शेवटी शेवटी फायबरचीच कामं केली. त्याचं एक वाक्य होतं, "फायबर मरणा नाय रे, आतला लाकूड मरता." खाली जे काय लिहिलंय ते सगळं त्या एका वाक्यातनंच निघालंय, तेवढं डोक्यात ठेवलंत तरी अर्धी होडी तपासून झाली.

जुनी का घ्यायची

फायबर म्हणजे काचेच्या धाग्याची मॅट आणि त्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन, वरून गुळगुळीत जेलकोट. अमेरिकेत रे ग्रीन नावाच्या माणसाने १९४२ मध्ये ओहायोत फायबरची छोटी बोट बनवली आणि मग युद्धानंतर हे प्रकरण वाढलं. सुरुवातीच्या बनवणाऱ्यांना ह्या मालाची ताकद नेमकी किती ह्याचा अंदाजच नव्हता, त्यामुळे लाकूड जेवढं जाड लावायचे त्या हिशोबाने ते थरावर थर चढवत गेले, आणि म्हणून तिकडच्या ५०-६० वर्षांच्या मासेमारीच्या बोटी आजही लोक शोधून शोधून घेतात, घासतात, परत पाण्यात घालतात. बोस्टन व्हेलर ही तिकडची बोट तर १९५८ ला आली, दोन कवचांच्या मध्ये फोम भरलेली, आणि १९६१ मध्ये लाइफ मासिकात तिचा फोटो आला तो असा, की बोट करवतीने मधोमध कापलीय आणि कंपनीचा मालक तिच्यात बसलाय, बोट तरंगतेय. असला माल दोन-तीन पिढ्यांना पुरतो ह्यात नवल काय.

आपल्याकडचा इतिहास वेगळा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून हजारोंनी फायबर होड्या वाटल्या गेल्या, तिकडचं चित्रच बदललं, पण घाईघाईत बनवलेल्या कितीतरी होड्यांच्या दर्जाबद्दल तेव्हा तक्रारी पण झाल्या. म्हणजे फायबर आहे आणि जुनी आहे एवढ्याने होडी चांगली ठरत नाही. आपल्या कोकणात लाकूड महाग झालं, सुतार कमी झाले, दर पावसाळ्याआधी लाकडी होडीचं तेलपाणी करायला माणसं मिळेनात, तसतशी फायबर वाढत गेली. १५-२० वर्षं वापरलेली आणि अजून शाबूत असलेली होडी म्हणजे तिने परीक्षा दिलेली आहे, नव्या होडीत आत काय भरलंय ते तुम्हाला पाच वर्षांनी कळणार. आणि किंमत, ती तर सरळ दिसतेच.

अजून एक कारण आहे ते माझ्या जिवाला लागतं. फायबर कुजत नाही. लाकडी होडी मेली की मातीला मिळते, चुलीत जाते, फायबरची होडी टाकली की तशीच माडाखाली पडून राहते, पावसाचं पाणी साचतं, डास होतात, कोणी पेटवली तर तो काळा धूर सगळ्या वाडीच्या छातीत जातो. आमच्या किनाऱ्यावर अशा टाकलेल्या होड्या मी मोजतो आणि दर वेळी वाटतं की ह्यातल्या निम्म्या तरी मागची एक फळी बदलून परत समुद्रात गेल्या असत्या.

आधी हे ठरवा की ती खरंच फायबरची आहे का

हे बऱ्याच नवीन लोकांना माहीतच नसतं. बाजारात दोन गोष्टी "फायबर होडी" म्हणूनच विकल्या जातात. एक म्हणजे साच्यातनं काढलेली पूर्ण फायबरची, आणि दुसरी म्हणजे जुनी लाकडी होडी जिच्यावर बाहेरून फायबर मारलंय. दुसरी वाईटच असते असं नाही, लाकूड सुकं असताना नीट मारलं असेल तर वर्षानुवर्षं चालते, पण ओल्या लाकडावर मारलं असेल तर आतल्या आत कुजते आणि बाहेरून चकचकीत दिसते. ओळखायचं आतून. आत शिरा, तळाच्या फळ्या उचला, लाकडी वाक, म्हणजे होडीच्या बरगड्या, आणि फळ्यांचे सांधे दिसले तर ती लाकडीच. साच्यातल्या होडीत आतून मॅटचे धागे विस्कटलेल्या गवतासारखे किंवा गोणपाटासारखी वीण दिसते. मारलेली होडी घ्यायची असेल तर त्या कामातल्या सुताराला बरोबर न्या, हा लेख त्या होडीसाठी नाही.

मग होडी बघायची, पण ह्या क्रमाने

सकाळी जा. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की होडी किनाऱ्यावर ओढलेली पाहिजे, कोरडी पाहिजे, आणि आतलं सामान, जाळी, बर्फाची पेटी सगळं बाहेर काढलेलं पाहिजे. नवीन रंग मारलेली असेल तर जास्त सावध व्हा. विकायच्या आठवड्यात मारलेला रंग हा बहुतेक वेळा काहीतरी झाकायला मारलेला असतो.

माझी पहिली होडी मी रंग बघूनच घेतली होती. निळी-पांढरी, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सुंदर डोळे काढलेले, मी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विसार देऊन आलो. काका दुसऱ्या दिवशी बघायला आला, खिशातनं दोन रुपयाचं नाणं काढलं आणि मागच्या फळीवर टकटक करत गेला. कडेला टण् टण् आवाज, आणि इंजिन जिथे बसतं तिथे आल्यावर एकदम भद्द, ओल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. "रंग काय बघतंस? आवाज आयक." मग त्याने आतल्या बाजूने सहा एमएमचं एक भोक मारलं. सुकं लाकूड असेल तर ड्रिलला पिवळा भुसा येतो. आमच्या ड्रिलला काळपट चोथा चिकटून आला, आणि भोकातनं पाण्याची बारीक धार लागली, वास जुन्या दलदलीचा. तो भाग आम्ही नंतर कापून काढला तेव्हा प्लायवूड हाताने मुठीत चुरगळत होतं. ती होडी अजून माझ्याकडे आहे, पण त्या सीझनचे पहिले दोन महिने ती उलटी पडून होती आणि मी तिच्या मागे.

तर नाणं घ्या आणि मागच्या फळीपासून सुरुवात करा, ट्रान्सम म्हणतात ती. दर दोन इंचावर टकटक. टणक आवाज चांगला, भद्द आवाज वाईट. तिथे आत प्लायवूड असतं, इंजिनाचे बोल्ट त्यातनं आरपार गेलेले असतात, आणि पाणी शिरतं ते ह्याच भोकांतनं. फायबरमधनं पाणी आत जायला वर्षं लागतात, बोल्टच्या कोरड्या भोकातनं एक पावसाळा पुरतो. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा पाय, पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती, दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली जोर द्या, दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांगा. फळी हलताना दिसली, कोपऱ्यात बारीक चीर उघड-मीट करताना दिसली, तर आतलं लाकूड गेलंय. ह्यानंतर वेगळा पुरावा लागत नाही. भोक मात्र मालकाला विचारूनच मारायचं, आणि मारलं तर लगेच रेझिनने बुजवून द्यायचं.

मग तळ. आपल्याकडे होड्या वाळूवरून, ओंडक्यांवरून रोज ओढल्या जातात, त्याचा फायदा पण आहे आणि तोटा पण. फायदा हा की होडी रोज सुकते, त्यामुळे कायम पाण्यात उभ्या असलेल्या बोटींना तळाला जे पाण्याचे फोड येतात ते आपल्याकडे कमी बघायला मिळतात. तोटा हा की तळाचा मधला कणा, ज्याला जुने लोक पठाण म्हणतात, तो वाळूत घासून घासून जेलकोट जातो, खालचे काचेचे धागे उघडे पडतात आणि ते धागे वातीसारखं पाणी ओढतात. हात फिरवा, पण मोजा घालून फिरवा. केसाळ लागलं तर धागे उघडे आहेत. हे काम सोपं आहे, घासून दोन-तीन थर चढवले की झालं, फक्त भावात ते धरा.

चिरांचं सांगतो. कोळिष्टकासारखी एका ठिकाणाहून फाकलेली चीर म्हणजे तिथे कधीतरी काहीतरी आपटलंय, नखाने कुरतडून बघा, जेलकोटपुरतीच असेल तर सोडून द्या. पण एकाला एक लागून समांतर जाणाऱ्या चिरा, खास करून बाकांच्या टोकाला किंवा तळाच्या आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या रेषेत, त्या सांगतात की तिथे होडी वाकतेय, म्हणजे आतला आधार सुटलाय. नाणं परत काढा.

जाडी बघायला कुठलंही यंत्र नको. साचलेलं पाणी सोडायचं बूच काढा आणि त्या भोकाची कड बघा, तिथे थर कापलेले स्पष्ट दिसतात. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक एमएम होतो हे लक्षात ठेवलंत की तळाला किती माल घातलाय ते तिथेच कळतं.

आता बाकं. बऱ्याच होड्यांत बाकाखाली आणि नाळेत बंद पेटी करून फोम भरलेला असतो, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून. तो फोम पाणी प्यायला की होडी शंभर-शंभर किलोने जड होते आणि मालक म्हणतो "मजबूत आहे, म्हणून जड आहे". पाण्यात ढकलून बघा. रिकामी होडी एका बाजूला झुकली किंवा मागून जास्त बसली तर फोम ओला आहे.

कागद

कंटाळा येतो पण करा. नोंदणी आणि मासेमारीचा परवाना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ खाली मत्स्यव्यवसाय विभाग देतो. होडीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवा. होडीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि नाव बदलून घेण्याचं काम "सीझन झाल्यावर करू" वर ठेवू नका. फक्त हौसेसाठी घेणार असाल तरी परवाना अधिकाऱ्याला जाऊन विचारा, तोंडी गावगप्पांवर विसंबू नका.

इंजिन

ह्यावर मी थोडक्यातच बोलणार, कारण होडी आणि इंजिन ह्यांचे सौदे शक्यतो वेगळे करा असं माझं स्पष्ट मत आहे. चालू केल्यावर मागच्या छोट्या छिद्रातनं पाण्याची धार सलग आली पाहिजे. खालच्या गिअरचं ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर सील गेलंय. दोन सिलिंडर असतील तर दोन्हीचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून मोजून घ्या, त्यात फार फरक नको. बस.

फळी कुजलीय, तरी घ्यावी का?

तळ आणि बाजू चांगल्या असतील तर माझं उत्तर हो आहे. भाव पाडून घ्या. जुन्या फायबर होडीवर लोकांचा जीव का असतो ते तुम्हाला ही फळी बदलतानाच कळेल, कारण जे गेलंय तेवढंच कापून काढता येतं आणि नवीन जोडलेलं जुन्याशी एकजीव होतं. पहिल्यांदा करताना कोणीतरी जाणकार बाजूला हवा, पण काम समजायला अवघड नाही.

दिवस निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, होड्या शाकारून ठेवलेल्या, हात रिकामे, म्हणून लोक फायबरची कामं पावसात काढतात आणि तिथेच फसतात. हवेत ओल असली की मॅट दमट होते, रेझिन नीट धरत नाही, थर पांढरट राहतो. काम फेब्रुवारी-मार्चला करा, फार तर एप्रिलला. मे मध्ये दुपारी रेझिन डब्यातच दगड होतं.

आतल्या बाजूचं कवच ग्राइंडरने कापायचं, कडेला दोन-तीन इंच सोडून, बाहेरचं कवच तसंच ठेवायचं. ओलं प्लायवूड छिन्नीने सगळं काढायचं, आणि सगळं म्हणजे सगळं, "हा कोपरा बरा वाटतोय" म्हणून ठेवलेला कोपराच पुढच्या वर्षी कुजतो. मग सुकू द्या. आठवडा, दोन आठवडे, जेवढं लागेल तेवढं. पुठ्ठ्याचा साचा काढून नवीन प्लायवूड कापा, आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लायवूडच, फर्निचरचं नाही. दोन-तीन तुकडे एकमेकांना चिकटवून जुन्या फळीएवढी जाडी आणा, सगळ्या कडांना रेझिन पाजा, कडा जास्त पाणी पितात. आतलं जुनं फायबर खरखरीत होईपर्यंत घासा आणि अ‍ॅसिटोनने पुसा, कारण पॉलिएस्टर जुन्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही. खर्च झेपत असेल तर ह्या जोडासाठी एपॉक्सी घ्या, ती जास्त घट्ट धरते, फक्त तिच्यावर नंतर साधा जेलकोट नीट बसत नाही, तिथे रंग द्यावा लागतो.

मग जाडसर केलेल्या रेझिनमध्ये प्लायवूड दाबून बसवायचं, बोल्टने आवळायचं, कोपरे गोल करायचे आणि वरून मॅटचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन इंच मोठा. रेझिन मुरलं की पांढरी मॅट पारदर्शक होते, जिथे पांढरं दिसतंय तिथे कोरडं आहे, रोलर फिरवा, बुडबुडे कडेला काढा. एका वेळी तीन-चार थरांपेक्षा जास्त नको, तापून तडकतं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर किलोभर रेझिनला १५ ग्रॅमच्या आसपास, वजन करून, अंदाजाने झाकणभर नाही.

आणि आता बोल्टची भोकं. ही पायरी सगळेजण गाळतात. भोक हवंय त्यापेक्षा मोठं मारा, ते रेझिनच्या लगद्याने पूर्ण भरा, घट्ट झाल्यावर त्या भरावाच्या मधोमध बोल्टचं खरं भोक मारा. म्हणजे बोल्टभोवती लाकूड कुठेच उघडं राहत नाही. माझ्या होडीची फळी मी अशी केली त्याला आता ११ वर्षं झाली, दर मार्चमध्ये नाणं वाजवतो, अजून टण् वाजतेय.

हे न वाचता हात लावू नका

कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. हल्ली बरंचसं रेझिन कोबाल्ट घालूनच मिळतं, दुकानात विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आधी आणि डबा नंतर. गेलंच तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून सरळ दवाखाना. रेझिनच्या वाफेला कापडी मास्कचा काही उपयोग नाही, कार्बनचं फिल्टर असलेला घ्या, आणि काम उघड्यावर करा. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण काचेची खाज दोन दिवस झोपू देत नाही, आंघोळ आधी गार पाण्याने. मी ह्या कामात छातीचं दुखणं लावून घेतलेली चांगली चांगली माणसं बघितलीत, तेव्हा कृपा करून ह्यात कंजूषपणा करू नका.

पहिल्यांदा पाण्यात

पहिल्या दिवशी समुद्रात नको, खाडीत जा, भरती असताना. बूच लावलंय ना ते हाताने चाचपून बघा, डोळ्याने नाही. वल्ही, नांगर, दोर, लाइफ जॅकेट आणि पाणी उपसायला कापलेला कॅन बरोबर ठेवा. निघण्याआधी तळ कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या, तासभर फिरा, मग इंजिन बंद करून परत तळाला हात लावा. ओल असेल तर बोट जिभेला लावून बघा. गोडं असेल तर ते फोमातलं किंवा बाकाखाली साचलेलं पावसाचं पाणी उतरतंय, वाळेल. खारं असेल तर काठाला घ्या, होडी ओढा, आणि नाणं काढा.